मागच्या गाडीतली नणंद

जबाब
वुडिना पोलीस ठाणे, साउथ ऑस्ट्रेलिया
दिनांक १४ ऑगस्ट

मी, ग्लेनिस मे पेंगेली, वय ७० वर्षे, पूर्वी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात नोकरी, सध्या निवृत्त, राहणार कडिना, हल्ली मुक्काम मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात.

वुडिना ठाण्यात स्वतः हजर राहून, सीनियर कॉन्स्टेबल नरेल हॅगर यांनी विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी राहते. माझे पती क्लेम पेंगेली तीन वर्षांपूर्वी वारले. मला क्रेग नावाचा एक मुलगा असून तो ॲडलेडला विमा कंपनीत आहे. आज ज्यांच्याबद्दल विचारणा झाली त्या मिस एव्हिस पेंगेली, वय ७६, या माझ्या पतीच्या थोरल्या बहीण, म्हणजे माझी नणंद. तिने लग्न केले नाही. पोस्टाच्या खिडकीवर ती निवृत्त होईपर्यंत होती. माझे लग्न झाल्यापासून आमची घरे शेजारी आहेत. मध्ये कुंपण आहे, कुंपणाला फाटक आहे. तिला कमी ऐकू येते व कानाला यंत्र आहे. राग आला की ती ते बंद करते.

नणंदेला गाडी चालवता येत नाही. ती वीस वर्षांची असताना क्लेमने तिला वडिलांच्या ट्रकवर शिकवायला घेतले होते. पहिल्याच दिवशी तिने कोंबड्यांचे खुराडे पाडले. वडिलांनी किल्ली काढून घेतली. त्यानंतर ती कधी चालकाच्या जागेवर बसली नाही. बाजाराला तिला क्लेम नेत असे. क्लेम गेल्यापासून मी नेते. मी स्वतः सुगीच्या दिवसांत धान्याचे ट्रक चालवलेले आहेत व माझ्याकडे जड वाहनाचा परवाना आहे. तो मी दाखवला आहे.

मोटरहोम कधी व कशी घेतली असे विचारले. या वर्षी मे महिन्यात क्रेगने आम्हा दोघींसाठी ॲडलेडला वृद्धांच्या वसाहतीत दोन जागा पाहून ठेवल्या होत्या. आम्ही पाहायला गेलो. जागा स्वच्छ होत्या. एका जागेच्या खिडकीतून दुसऱ्या जागेची खिडकी दिसत होती. परत येताना कडिनाच्या अलीकडे एका घरासमोर गवतावर मोटरहोम विक्रीला उभी होती. मी गाडी थांबवली. पाय आखडले म्हणून थांबवली, असे मी तेव्हा नणंदेला सांगितले.

ती मोटरहोम नॉर्म नोस्के व त्यांची पत्नी बेव्ह यांची होती. नॉर्म यांची दृष्टी कमी झाल्याने ते विकत होते. त्यांनी शेगडी, फ्रीज, मोरी, सगळे उघडून दाखवले. नणंद मागच्या बाजूला गेली, बूट काढले आणि पलंगावर आडवी झाली. बराच वेळ उठली नाही.

बेव्ह यांनी विचारले, "बरं वाटत नाहीये का त्यांना?"

नणंद आतून म्हणाली, "छताला खिडकी आहे."

आम्ही घरी आलो. फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "पलंग एकच आहे."

मी म्हटले, "जेवणाचं टेबल खाली पाडलं की दुसरा होतो."

ती म्हणाली, "मग टेबलावर तू."

त्यानंतर मी समुद्राकाठचे आमचे सुटीचे घर व क्लेमची बोट विकून मोटरहोम घेतली. क्रेगला फोनवर कळवले. तो म्हणाला, "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी आहे म्हटले. तो म्हणाला, "आणि आत्या?" मी म्हटले, आत्या टेबल मोजतेय.

मागे गाडी जोडून नेण्याचे कारण विचारले. मोटरहोम गावात, बाजारात नेता येत नाही, म्हणून पुष्कळ लोक मागे छोटी गाडी ओढत नेतात. माझी छोटी पांढरी गाडी त्या कामाची आहे. तिची चारही चाके रस्त्यावरच राहतात. पुढे लोखंडी त्रिकोणी दांडा असतो, तो मोटरहोमला अडकवायचा. ओढताना तिच्या स्टीअरिंगचे कुलूप उघडे ठेवावे लागते, म्हणजे वळणावर चाके आपोआप वळतात व आतले स्टीअरिंगही आपोआप फिरते. गाडी न्यायचा आग्रह मूळ नणंदेचा. तिचे म्हणणे, "एवढ्याशा खोलीत भांडण झालं तर एकीला निघून जायला काहीतरी हवं."

मी म्हटले, "तुला कुठं चालवता येतं?"

ती म्हणाली, "तू निघून जा ना. मी घरात थांबेन."

दांडा नॉर्म यांनी दिला व जोडायचा कसा तेही त्यांनीच शिकवले. त्यांनी बजावले होते, "ही जोडी पुढं जाते, मागं जात नाही. मागं घेतलीत की दांडा वाकला म्हणून समजा. रस्ता चुकलात तर उतरा, गाडी सोडवा, दोन्ही वेगवेगळ्या वळवा, परत जोडा. त्यात लाज वाटून घेऊ नका. मला तीन वर्षं वाटली आणि दोन दांडे गेले." जोडलेल्या गाडीत माणूस बसवायचा नाही हेही त्यांनी सांगितले होते. मला ते माहीत होते. नणंदेलाही माहीत होते.

आम्ही कडिनाहून सोमवारी निघालो. पश्चिमेला समुद्राच्या कड्यावरून देवमासे पाहायचे ठरले होते. आमच्या दोघींपैकी कुणीही पूर्वी पाहिलेले नाहीत. पोर्ट ऑगस्टाच्या पुढे आम्ही एक मुक्काम केला. तिथे नणंदेने छताची खिडकी उघडी ठेवली व मला थंडी वाजली. मी तसे सकाळी बोलले. ती म्हणाली, मग आणखी एक गोधडी घे, तारे काही रोज दिसत नाहीत. कडिनाला तारे दिसतात, असे मी म्हटले. ती म्हणाली, "तिथं मी बाहेर येत नाही."

आज सकाळी आम्ही किंबा येथे डिझेल घेतले. पंपावरून निघताना मी चुकीच्या गल्लीत वळले. गल्ली पुढे बंद होती. मागे घेता येत नसल्याने उतरून गाडी सोडवावी लागली. मोटरहोम वळवायला एका घरमालकाने आपले कुंपणाचे दार काढून दिले. त्यांच्या घरातली सगळी माणसे बाहेर येऊन उभी होती. ती माणसे चांगली होती व त्यांनी चहाचे विचारले. परत जोडत असताना नणंद म्हणाली, "क्लेमनं असलं काही केलं नसतं."

मी म्हटले, "क्लेमनं काहीच केलं नसतं. आपण दोघी आत्ता घरी बसून त्याला जेवायला वाढत असतो."

हे मी बोलायला नको होते. तिने कानाचे यंत्र बंद केले.

किंबाच्या पुढे हमरस्त्याच्या कडेला थांबायची जागा आहे, तिथे मी दुपारच्या जेवणाला थांबले. आमच्याकडे घरी केलेल्या पॅस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या होत्या. मी एक गरम करून नणंदेला हाक मारली. तिने पॅस्टी घेतली, पण आत न बसता मागच्या छोट्या गाडीत जाऊन बसली. पुढच्या डाव्या सीटवर व मागे आमच्या घडीच्या खुर्च्या व तिची लोकर होती. सबब रिकामी जागा फक्त स्टीअरिंगमागची होती. मी तिला तिथे जाऊन चहा दिला. तिने काच एवढीशी खाली केली, कप घेतला, काच वर केली.

मी भांडी धुतली. वारा सुटला होता. थोड्या वेळाने मागचे दार आपटल्याचा आवाज झाला; ते वाऱ्याने आपटले होते हे नंतर कळले. नणंद आत येऊन पलंगावर पडली असे मला वाटले, कारण रागावली की ती पडदा ओढून पडते. मी पुढे बसून विचारले, "निघू का?" उत्तर आले नाही. यंत्र बंद असेल असे समजून मी निघाले. दांडा व साखळ्या मी थांबल्याबरोबर तपासल्या होत्या, म्हणून निघताना मागे गेले नाही. पडदा सरकवून पाहिला नाही. ही चूक माझी आहे.

पुढील हकीकत नणंदेने मला व सीनियर कॉन्स्टेबल हॅगर यांना सांगितली ती अशी. पॅस्टी खाऊन ती चालकाच्या सीटवर झोपली. जाग आली तेव्हा गाडी चालू होती. सुरुवातीला ती फार घाबरली. तिने पायांनी काहीही दाबले नाही, कारण ओढताना मागच्या गाडीचा ब्रेक लागलेला नसावा असे नॉर्म यांनी सांगितलेले तिच्या लक्षात होते. तिने फक्त पट्टा लावला. हॉर्न का वाजवला नाही असे विचारले असता, हॉर्न कुठे असतो हे तिला माहीत नव्हते. मग रस्त्याला वळण आले आणि तिच्यासमोरचे स्टीअरिंग आपोआप फिरले. वळण संपले, ते सरळ झाले. दुसऱ्या वळणाला तिने त्यावर हात ठेवले.

ती म्हणते की थोड्या वेळाने समोरून एक गाडी कॅराव्हॅन, म्हणजे मागे जोडायचे फिरते घर, ओढत आली. या रस्त्यावर समोरासमोर आलेले चालक एकमेकांना स्टीअरिंगवरचे एक बोट उचलून दाखवतात. त्या माणसाने आधी मला बोट दाखवले व मग मागच्या गाडीतल्या नणंदेलाही दाखवले. तिने पोस्टाच्या खिडकीतून लोकांना कितीतरी वर्षे नमस्कार केले आहेत, पण हे बोट तिला आजवर कुणी दाखवले नव्हते, कारण ते चालवणाऱ्याला दाखवतात. तिने आपले बोट उचलले. नंतर आलेल्या गाडीला तिने हात दाखवला. त्यानंतरच्या गाड्यांना दोन्ही हात.

ट्रकचालक श्री. डॅरिल क्विन हे मेंढ्यांचा लांब ट्रक घेऊन आमच्या मागे होते. पुढे निघून जाताना त्यांनी छोट्या गाडीत पाहिले. एक म्हातारी बाई दोन्ही हात वर करून, तोंड उघडून ओरडत आहे असे त्यांना दिसले. त्यांनी रेडिओवरून पोलिसांपर्यंत कळवले की मोटरहोमवाला कोणीतरी एका बाईला तिच्याच गाडीत कोंडून ओढत नेत आहे. श्री. क्विन यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच कळवले असते. नणंदेचे म्हणणे आहे की ती ओरडत नव्हती, गात होती. रविवारी चर्चमध्ये म्हणतात त्यातले काहीतरी गात होती. ती नेहमीच मोठ्याने गाते.

वुडिनाच्या वेशीवर सीनियर कॉन्स्टेबल हॅगर यांनी मला थांबवले. त्यांनी मला उतरून हात दिसतील असे उभे राहायला सांगितले. मी उभी राहिले. मग त्या मागे गेल्या व छोट्या गाडीचे दार उघडून म्हणाल्या, "बाई, तुम्ही सुखरूप आहात ना?"

नणंदेला ऐकू आले नाही. ती म्हणाली, "आलो का? इतक्यात?"

छोट्या गाडीत माणूस आहे हे मला कधी कळले, असा प्रश्न मला विचारण्यात आला. मोटरहोममध्ये चालकासमोर एक लहान पडदा आहे, त्यात मागच्या कॅमेऱ्याचे चित्र दिसते. तो बटण दाबल्यावरच लागतो. कायंकटा गावाजवळ वेग कमी करताना मी बटण दाबले. त्यात मला छोट्या गाडीची पुढची काच दिसली व काचेमागे नणंद दिसली.

मग तिथेच का थांबवली नाही, असे विचारले. मी सांगितले की थांबायला जागा पाहत होते. कायंकटा ते वुडिना या दरम्यान थांबायला जागा होती का, असे विचारले. होती. एकाहून अधिक होत्या.

सीनियर कॉन्स्टेबल हॅगर यांनी मला समजावले की याचे उत्तर दिले नाही तरी चालेल आणि दिले तर ते माझ्या विरुद्ध जाऊ शकते. मी विचार करून उत्तर देत आहे. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा माझा पाय ब्रेकवर गेला. तेवढ्यात समोरून गाडी आली आणि तिने हात वर केला. मी तिचा चेहरा पाहिला. माझ्या लग्नात ती करवली होती. तिच्या आईच्या आजारपणात, वडिलांच्या, मग क्लेमच्या, आम्ही दोघी आळीपाळीने उशाशी बसलो आहोत. एवढ्या काळात मी तिचा प्रत्येक चेहरा पाहिला आहे असे मला वाटत होते. हा पाहिलेला नव्हता.

मी वेग बराच कमी केला. आपत्कालीन दिवे लावले. डाव्या बाजूचा पांढरा पट्टा सोडला नाही. एक डोळा रस्त्यावर आणि एक पडद्यावर ठेवून वुडिनापर्यंत आले. दोन्ही बाजूंना गहू हिरवा होता आणि मध्ये मध्ये मोहरीसारखी पिवळी कनोला होती. ते सांगायची गरज नाही असे सीनियर कॉन्स्टेबल म्हणाल्या, परंतु नणंदेला तेव्हा काय दिसत होते हे मला माहीत आहे, म्हणून सांगितले.

जोडलेल्या गाडीत माणूस नेणे हा गुन्हा आहे हे मला मान्य आहे. तिला इजा होऊ शकली असती हेही मान्य आहे. त्याबद्दल दंडाची नोटीस दिली, ती मी घेतली आहे. असे पुन्हा करणार नाही. निघताना दरवेळी छोट्या गाडीत डोकावून पाहीन.

गाडी माझ्या नावावर असल्याने व संपर्कासाठी क्रेगचा क्रमांक असल्याने ठाण्यातून त्याला फोन गेला होता. तो घाबरून निघालाच होता. ठाण्यातल्या फोनवर तो माझ्याशी बोलला. तो म्हणाला की आता पुरे, तो येऊन आम्हाला घेऊन जाईल व मोटरहोम विकून टाकेल. मी त्याचे ऐकून घेतले. त्याची काळजी खोटी नाही. बाप गेल्यापासून तो फोन वाजला की दचकतो. तेवढ्यात नणंदेने यंत्र चालू केले व माझ्या हातातून फोन घेतला.

ती म्हणाली, "क्रेग, आत्या बोलतेय. मला कुणी पळवलेलं नाही."

तो काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही.

ती म्हणाली, "घाबरले ना. चांगलीच घाबरले. पुढचं ऐक की."

मग तिने त्याला सगळे सांगितले. वळणाचे, बोटाचे, गाण्याचे. ते करताना ती खुर्चीवरून उठली व दोन्ही हातांनी स्टीअरिंग फिरवून दाखवू लागली, त्यामुळे फोन खांद्यात धरावा लागला. शेवटी फोन परत माझ्याकडे आला. क्रेगचा श्वास अडखळत होता. मला वाटले तो रडतोय. तो हसत होता. मग म्हणाला, "आई, ती अशी बोलते? मी आत्याला सलग चार वाक्यं बोलताना कधी ऐकलं नाही."

मी म्हटले, "मीही नाही."

तो म्हणाला की तो गाडी वळवून घरी जात आहे. रोज संध्याकाळी फोन करा, एवढी त्याची अट आहे. मी कबूल केली. देवमाशांचा फोटोही पाठवायचा आहे.

श्री. क्विन आपला ट्रक गावाबाहेर उभा करून चालत ठाण्यात आले होते व बाहेरच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसून होते. त्यांना बरे वाटत नव्हते असे दिसले. नणंद त्यांच्याकडे गेली व तिने हात पुढे केला. ते म्हणाले, "माफ करा, बाई. माझी आई तुमच्याच वयाची आहे. मला वाटलं तुम्ही संकटात आहात."

नणंद म्हणाली, "तुम्ही थांबवायला सांगितलंत म्हणून थांबले. नाहीतर पुढे सेडुनापर्यंत गेले असते."

ते म्हणाले, "तरी एक सांगतो. हात एकच वर करायचा असतो. दुसरा स्टीअरिंगवर."

तिने ते दोनदा म्हणायला लावले, ऐकू आले होते तरी.

त्यानंतर नणंदेने सीनियर कॉन्स्टेबल हॅगर यांना विचारले की या वयात शिकाऊ परवाना मिळतो का. त्या म्हणाल्या की वयाची वरची मर्यादा नाही, डोळे व कान तपासून डॉक्टरांचा दाखला आणावा लागेल व नियमांची परीक्षा द्यावी लागेल. त्यांनी नियमांची पुस्तिका दिली. माझा जबाब लिहून होईपर्यंत नणंद बाकावर बसून ती वाचत होती व मधून मधून श्री. क्विन यांना प्रश्न विचारत होती. श्री. क्विन यांची दोन उत्तरे चुकली.

शिकवणार कोण, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "तू. कोंबड्या नसतील अशा ठिकाणी."

आज आम्ही वुडिनाच्या कॅराव्हॅन पार्कमध्ये मुक्काम करणार असून उद्या पश्चिमेला निघू. माझी वा माझ्या नणंदेची कुणाविरुद्ध तक्रार नाही.

माझा वरील जबाब मी सांगितल्याप्रमाणे टंकलिखित केला असून सीनियर कॉन्स्टेबल हॅगर यांनी तो मला सावकाश वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. नणंदेला ऐकू यावे म्हणून तो पुन्हा एकदा मोठ्याने वाचण्यात आला. तिने सांगितले की बाकी सर्व ठीक आहे, फक्त जिथे जिथे ती चालत्या गाडीत असल्याचे येते तिथे तिथे "चालवत होती" असे हवे. सीनियर कॉन्स्टेबल म्हणाल्या की ओढल्या जाणाऱ्या गाडीत बसणे म्हणजे कायद्याने चालवणे होत नाही, सबब तसे लिहिता येत नाही. म्हणून तसे लिहिलेले नाही. मात्र मिस एव्हिस पेंगेली यांनी तसे सांगितले व मला ते मान्य आहे, एवढे माझ्या विनंतीवरून लिहिले आहे.

समक्ष,
सीनियर कॉन्स्टेबल एन. हॅगर

सही,
ग्लेनिस एम. पेंगेली